गवळणीचा खडक वाजला

“राजे घोड्यावरनं चढले असतील. आमच्यासाठी घोडं कोण आणणार?”

बंडोपंत स्वतःशीच पुटपुटले होते, पण वहिनी दोनच पावलं पुढे होत्या.

“घोड्यानं नकार दिला असता, भावजी,” कालिंदीबाई म्हणाल्या.

बंडोपंत एसटीतले निवृत्त कंट्रोलर. त्यांच्या या थोरल्या वहिनीनं नवऱ्याच्या माघारी कोल्हापुरात ‘खाजगी तपास’ अशी पाटी लावली, तेव्हा शेजारणींनी नाकं मुरडली होती. आता त्याच शेजारणी हरवलेले जावई शोधून द्या म्हणून मागच्या दारानं येत. बंडोपंतांचं काम पिशवी धरायचं आणि चुकीचा अंदाज बांधायचा. दोन्ही ते मनापासून करत.

अठ्ठ्याहत्तर सालची दिवाळी नुकतीच सरली होती. शाहूवाडीकडच्या गवळणगडावरून देवीचा चांदीचा मुखवटा गेला होता. देवळाचं कुलूप शाबूत होतं आणि किल्ल्या दोनच. एक केरबा गुरवाकडे, दुसरी हंबीरराव पाटलांच्या घरात. गावाचा हिशेब सोपा होता, पाटील कशाला चोरतील? आज संध्याकाळच्या बैठकीत केरबाची पूजा काढून घ्यायची आणि देवस्थानचं राहतं घरही रिकामं करून घ्यायचं, असं ठरल्यातच जमा होतं. शेवटचा उपाय म्हणून पाटलांनी कालिंदीबाईंना बोलावलं होतं.

जांभळी-अंजनीच्या झाडांची गर्द सावली संपली आणि पडका बुरूज दिसला. त्याच्या पायथ्याशी काळ्या दगडाचे सरळसोट खांब ओळीनं उभे होते. ज्वालामुखीचा रस थिजून असे खांब होतात, असं पुस्तकं सांगतात. गाव सांगतं, या गवळणी.

दोन खांबांमधून देवळाकडे वाट जात होती. वर एक शिळा आडवी अडकलेली. बंडोपंत वाकले, पण पुरेसे नाही. टोपी मागच्या मागे उडाली आणि कडेच्या अरुंद भेगेच्या तोंडाशी जाऊन अडकली.

“देवीला टोपी नको म्हणायची,” कालिंदीबाई हसल्या, आणि मग त्या भेगेकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

पलीकडे केरबा हात जोडून उभा होता. “बाई, मंगळवारी पहाटं पूजा केली, कुलूप घातलं आन् दिवसभर भाताच्या मळणीला हुतो. समद्यांनी बघितलंय. बुधवारी दार उघडलं, तर मुखवटा न्हाई.”

“मुखवटा एरवी बाहेर निघतो?”

“म्हस व्याली की. घरची सवाष्ण पयला चीक घिऊन येती. आमी मुखवटा गवळणीम्होरं मांडतो. बाई चीक वतती आन् देवळाकडं चालाय लागती. मागं वळून बघायचं न्हाई. आमी मुखवटा घिऊन मागनं यायचं. गवळणीनं मानून घेतलं, तर खडक वाजतो.”

“आणि नाही मानलं तर?”

“तसं आजून झालं न्हाई,” केरबा म्हणाला आणि उगाच देवळाचं दार पुसायला लागला.

मधल्या गवळणीच्या पायाशी पिवळट, चिकट ओघळ सुकला होता. त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. कालिंदीबाईंनी एक दगड उचलून खांबावर आपटला. थड्. मग बंडोपंतांच्या हातातून जेवणाचा डबा घेतला आणि आपटला. ठण्ण! आवाज दरीत उतरत गेला.

“वैनी, त्यात भाकरी आहे!”

त्या आवाजानं बुरुजाआडून एक माणूस धावत आला. हा आकाराम, खडीच्या ठेकेदाराचा माणूस. दगडाची पाहणी करायला आठवडाभर गडाखालच्या झोपडीत राहिलेला. बंडोपंतांनी मनातल्या मनात त्याला बेडीही घातली.

“आज कुणाची म्हस व्याली, पावणं?” आकारामनं विचारलं. “मंगळवारी सकाळी बी असाच वाजला हुता.”

केरबाच्या हातातलं फडकं थांबलं.

खाली पाटलांच्या घरी बायडाबाईंनी, पाटलांच्या कारभारणीनं, वाट्या पुढे केल्या. गुडघ्यांमुळे त्या भिंत धरून चालत होत्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

“हा रात्री कमरेलाच असतो?” कालिंदीबाईंनी विचारलं.

“न्हातानाबी ऱ्हातो,” हंबीरराव म्हणाले. “मला बी हात लावू देत न्हाई.”

बंडोपंतांचं तिकडे लक्ष नव्हतं. वाटीत पिवळाधमक, वेलची घातलेला खरवस होता. आयुष्यात चांगल्या गोष्टीही घडतात, असं त्यांना वाटलं. पाणी आणून देणारी थोरली सून, चिमणाबाई, मोकळ्या कपाळाची. पाटलांचा थोरला गेल्याला वर्षही झालं नव्हतं. घरची म्हैस तिनंच सांभाळलेली.

दुपारी बंडोपंतांना पुन्हा गड चढावा लागला, आणि तेही बांबूची लांब आकडी खांद्यावर घेऊन.

संध्याकाळी पाटलांच्या सोप्यात बैठक भरली. कालिंदीबाईंनी पिशवीतून मुखवटा काढून पाटावर ठेवला. गाल जरा चेपला होता.

“चोरी झालीच नाही,” त्या म्हणाल्या. “गवळणीच्या पायाशी अलीकडेच ओतलेला चीक होता. म्हणजे म्हैस व्यालेली. खरवस याच घरात होता आणि किल्लीही. किल्ली चोरता येत नाही, ती कुणीतरी दिलीच असणार. दुखऱ्या गुडघ्यांना गड चढवत नाही. म्हणजे या घरातली दुसरी कोणी बाई मंगळवारी गेली. एकटीच गेली, म्हणून मुखवटा मागून आणायला गुरव नव्हता. तिनं तो डोक्यावरच्या बुट्टीत ठेवला. आडव्या शिळेखाली वाकताना तो मागे निसटला, जसा आमच्या भावजींच्या टोपीचा निकाल लागला तसा. खांबावर आपटून भेगेत गेला. दगडानं दगड वाजत नाही, धातूनं वाजतो. आकारामनं ऐकलं ते हेच. पण तिनं मागं वळून पाहिलं नाही. पाहायचंच नसतं.”

चिमणाबाई दाराआडून पुढे आली.

“म्याच गेलते. खडक वाजला, मला लई बरं वाटलं. देवळात आले तर बुट्टीत मुखवटा न्हाई. मला वाटलं, गवळणीनं ठिवून घेतला.” तिनं केरबाकडे पाहिलं. “मामा, तुमच्यावर आलं तवा त्वांड उघडायला पायजे हुतं. भ्याले.”

“सवाष्णीचा मान…” कोणीतरी कुजबुजलं.

“मग एरवी खडक कसा वाजतो, गुरव?” कोपऱ्यातून एकानं विचारलं. केरबानं मान खाली घातली. बाकीचे आढ्याकडे बघायला लागले. मंगळवारी खडक वाजल्याचं ऐकून केरबाचं फडकं का थांबलं, हे बंडोपंतांना आत्ता, सगळ्यांच्या नंतर, उमगलं.

“किल्ली कुणी दिली?” हंबीरराव गरजले.

बायडाबाई भिंतीचा आधार सोडून उभ्या राहिल्या.

“म्या दिली. म्हस तिची, चीक तिचा. आन् आता आइका. आमच्या येळंला आमच्या पाठीमागं केरबा तांब्या आपटून खडक वाजवतो, ह्ये हितल्या पत्येक बाईला ठावं हाय. हिच्या पाठीमागं कोण बी नव्हतं. खडक हिच्यासाटनंच वाजलाय.”