भिंगरीला दिवस गेलेच नव्हते

मूर्तिजापूरच्या स्टँडवर अमरावतीची एसटी थांबली आणि दारातच भांडण लागलं. उन्हानं रापलेला एक उंच तरुण चादरीत गुंडाळलेली कुत्री उराशी धरून पायरीवर उभा होता, आणि कंडक्टर हात आडवा करून.

"दोन जीवाची हाय ते, भाऊ. जराशी दया करा ना!"

मी अकोल्याहून मावसबहिणीचा साखरपुडा आटोपून परतत होते. डोकं ठणकत होतं. आपण जनावरांच्या डॉक्टर आहोत हे प्रवासात कुणाला सांगायचं नाही, हा माझा नियम. पण त्या कुत्रीच्या फिक्या, कोरड्या हिरड्या दिसल्या आणि राहवलं नाही.

"येऊ द्या हो त्यांना. मी डॉक्टर आहे, जनावरांची."

तो शेजारी येऊन बसला. नाव गजेंद्र. जवळच्याच गावात तूर-कपाशीची शेती. कुत्रीचं नाव भिंगरी.

"किती दिवसांची गाभण?" तिच्या ताणलेल्या पोटावर हात ठेवत मी विचारलं.

"तं... दीड महिना समजा."

"कुत्रा कोणता होता?"

तो लाजला. खरंच लाजला! "कुत्रा... तसा कोनी नोयता. माजावर होती तवा मायनं घरातच बांधून ठेवली होती."

"मग पिल्लं आली कुठून?"

"आता पोट तं दिसून राह्यलं ना, मॅडम!"

मी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "पाणी खूप पिते?"

"घमेलंच्या घमेलं रिकामं करते."

"खाते?"

"चार दिवसापासून नाई. मायनं डिंकाचे लाडू केले तिच्यासाठी, तेबी नाई खाल्ले."

राग आला की माझं शाळेतलं मराठी सुटतं आणि वऱ्हाडी तोंडात येतं. "फुगलेलं पोट दिसलं की तुमाले पिल्लंच काहून आठवतात? जंतानं फुगते, हृदय नाई तं लिव्हर बिघडलं की पाणी भरून फुगते, मोठ्या कुत्र्यायच्या जठराले पीळ पडते अन् काही तासांत जीव जाते! हिच्या गर्भपिशवीत पू झाला असन. माजानंतर महिना-दीड महिन्यानं होते असं. अन् तुमी लाडू चारून राहिले!"

अख्खी एसटी वळून पाहू लागली. त्यानं भिंगरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाचंन का वो ते?"

इतक्या हळू विचारलं त्यानं... माझ्या रागाला जायला जागाच उरली नाही.

अमरावतीला उतरून आम्ही थेट माझा दवाखाना गाठला. सोनोग्राफीत पिल्लू एकही नव्हतं. पिशवी पुवानं तट्ट भरली होती. त्याच दुपारी ऑपरेशन करून पिशवी काढली. मधे एकदा भिंगरीचा श्वास अडखळला आणि माझाही. दोन तासांनी दार उघडलं तर गजेंद्र भिंतीला टेकून तसाच उभा. खुर्ची रिकामी होती.

"वाचली," मी म्हणाले.

त्यानं हात जोडले आणि जमिनीवरच बसला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. बोटांना बोटं लागली... आणि उगाचच पौर्णिमावर, माझ्या मदतनीस मुलीवर, मी ओरडले, "कापूस कुठे ठेवलास?"

दहा दिवसांनी टाके काढले. वाटलं, संपलं. पुढच्या सोमवारी हा पुन्हा दारात! कुशीत नगाऱ्यासारख्या पोटाचं पिल्लू.

"जंत," तोच म्हणाला. बरोबर होतं.

मग शेजाऱ्याचा म्हातारा कुत्रा आला. त्याच्या पोटात पाणी झालं होतं. मग सरपंचाचा लॅब्राडॉर.

"याले काई नाई झालं. सरपंच सोता जेवते तितकंच यालेबी चारते."

"मग आणलात कशाला?"

"तुमी सांगसान तं सरपंच आयकन."

"तुमच्या गावात सपाट पोटाचं एकही कुत्रं नाही का हो?" मी वैतागून विचारायची. पण सोमवारी इस्त्रीचा कुर्ता कपाटातून आपोआप निघायचा. पौर्णिमा गालात हसायची, आणि मी आणखीच वैतागायची.

सातव्या सोमवारी त्यानं आणलं एक काटकुळं कुत्रं. फासळ्या मोजून घ्याव्यात असं.

"ह्याचं पोट कुठे फुगलंय?"

"नाई फुगलं..." तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला. "पन फुगू शकते ना. आदीच दाखवून ठेवाव म्हटलं."

"गजेंद्र!"

"जी."

"मनात काय आहे ते तोंडानं सांगता येत नाही?"

त्यानं कुत्र्याचा कान कुरवाळला. "सांगतो ना. तुमी मुक्या जनावरासाठी एसटीभर लोकायसमोर मले झापलं... तवापासून घरी कोनी गोड बोललं तं करमत नाई मले. म्हून वाटते का... तुमी जर..."

आणि पुन्हा कान कुरवाळणं सुरू.

"तुमी जर काय?"

"तेच... तुमी समजून घ्या ना."

"अरे देवा! मले लग्न करायचं हाय तुमच्याशी. झालं? आता तरी बोला!" त्याचा हात धरून मी ओरडले.

त्यानं वर पाहिलं. डोळे भरले होते आणि मिशीआड हसू मावत नव्हतं.

"मी तं कवाचा हो म्हनून बसलो, अनुपमा. तुमी काहून चिडून राहिल्या?"

मी आणखी चिडले. पण त्याचा हात मात्र सोडला नाही.