मधोमध बसलेला आवाज

"माझे कान गेले नाहीत," रुख्माबाई दारातूनच म्हणाल्या. "हे आधी ऐकून घ्या, मग बसते."

जया रामटेकेचं डिटेक्टिव्ह ऑफिस सक्करदऱ्याच्या तलावाजवळ होतं. कवडूने खुर्ची पुढे केली. कवडू आधी ऑटो चालवायचा, आता जयाची गाडी चालवतो आणि वाटेत गुन्हेगार कोण ते सांगतो. त्याचा एकही अंदाज आजवर खरा ठरलेला नाही, पण त्याने हिंमत सोडलेली नाही.

रुख्माबाई मुलींच्या शाळेतल्या गाण्याच्या बाई. निवृत्तीनंतर घरच्या पुढच्या खोलीत क्लास घेत. जुने स्पीकर बदलायचे म्हणून आवडती रेकॉर्ड काखेत मारून त्या लकडगंजातल्या दुकानात गेल्या आणि जोडीमागून जोडी ऐकत बसल्या. एका जोडीत डग्गा नुसता घुमायचा, दुसरीत गाणारीचा आवाज पत्र्यावर घासल्यासारखा यायचा. दुकानदार कंटाळला, बाई कंटाळल्या नाहीत. शेवटी एक जोडी लागली आणि गाणारी दोन खोक्यांच्या बरोब्बर मधोमध येऊन बसली. तिचा श्वाससुद्धा ऐकू आला.

"तीच जोडी घरी आणली. मेकॅनिकनं रविवारी लावली, झकास वाजली. सुनेनं कुंकू लावलं. सोमवारी क्लास झाला, अन् संध्याकाळी लावते तं गाणारी गायब. आवाज येते, पण ती कुठं बसून गाऊन राहिली तेच समजत नाही. डग्गाही पोचट."

"दुकानदार काय म्हणतो?" जयाने विचारलं.

"हसला फोनवर. जोडी तीच आहे, वयानं होते असं, म्हणे. आमचे तबलजी मनोहरराव म्हणतात, स्पीकर एकदम ठीक. अन् पोरगा म्हणते, आई, कान गेले तं क्लास काहून चालवतं? खोली मले दे, ट्यूशनले." त्यांचा आवाज चढला. "येत्या शनिवारी क्लासची पाटी उतरवून राहिला तो. कान गेले असतील तं मीच उतरवीन. पण गेले नाहीत."

"मले तं पोरगाच वाटते," बाई जिना उतरल्यावर कवडू म्हणाला. "त्याले खोली पाह्यजे."

जयाने गाडीची किल्ली त्याच्याकडे टाकली. कवडूला ते होकारासारखं वाटलं.

रुख्माबाईंच्या पुढच्या खोलीत कमरेएवढे दोन स्पीकर उभे होते आणि समोर मधोमध एक खुर्ची. जयाने पहिल्यांदा कवडूलाच तिथे बसवलं आणि रेकॉर्ड लावली.

"कसं वाटते, कवडूभाऊ?"

"मले गाण्यातलं काय समजते, ताई? पण डोक्याभोवती फिरून राहिला आवाज. गरगरल्यासारखं होते."

मग सून अंजूला बसवलं. दारातली रांगोळी अर्धी सोडून ती आली होती. "जवळ जाऊन एकेक ऐकलं तं नीट वाजते. इथं बसलं का आवाज कुठच्या कुठं. पण मनोहररावांनी ठीक आहे म्हटलं, मंग मी कोण बोलणारी?"

"स्पीकर आवडले का तुम्हाला?"

"खोक्यांमागं झाडूच जात नाही. मामंजी असते तं एवढे आणूच देले नसते."

रुख्माबाईंचा मुलगा संजीव खडूने पांढरे झालेले हात झटकत आला. तोही खुर्चीत बसून गोंधळला. "कुठून येते समजत नाही. पण मनोहरराव जाणकार आहेत. त्यांचं खोटं, आन् आईचं खरं?"

"आणि तुमचं?" जयाने विचारलं. संजीव खुर्चीतून उठून पुन्हा हात झटकू लागला.

मनोहरराव कोपऱ्यात तबल्याशी बसले होते. त्यांनी हातावर डब्यातली पावडर शिंपडली, तळवे चोळले; खोलीभर गोड वास पसरला. जयाने त्यांच्या डाव्या हाताला उभं राहून काहीतरी विचारलं. ते तबला ठोकतच राहिले. कवडूच्या मनात आलं, म्हाताऱ्याला घमेंड फार. जया उजवीकडे येऊन बसली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"स्पीकर? एक नंबर," मनोहरराव मान वळवत म्हणाले. खुर्चीत बसून त्यांनी डोळे मिटले. "वा. गाणारी कशी मधोमध बसली आहे. रुख्माबाईंचं वय झालं, पोरी. वाईट वाटते, पण काय करता?"

रुख्माबाईंनी रेकॉर्डवरची सुई उचलली. "अन् मी पुढच्या आठवड्यापासून याच खुर्चीत पोरींच्या कानाची परीक्षा ठेवली होती," त्या म्हणाल्या. "कोणतं वाद्य कुठून वाजते ते सांगायचं. पहिल्यांदा मनोहरराव बसून दाखवणार होते."

जया स्पीकरच्या मागे वाकली. प्रत्येक खोक्याच्या मागच्या पत्र्याला वायरच्या दोन सोनेरी पिना लागलेल्या होत्या, दिसायला अगदी सारख्या. एक लाल कड्यात, एक काळ्या कड्यात.

"अंजूताई, कुंकू कुठे लावलं होतं?"

"समोर कापड खराब होते, म्हणून मागं. दोन्ही खोक्यांना, काळ्या कड्याशी. पिनेवर अन् पत्र्यावर मिळून एकेक बोट."

जयाने उजव्या खोक्याच्या कड्यावरून बोट फिरवलं, चिमटीत चोळलं आणि नाकाशी नेलं. मग ती उठली. "सगळे बसा. मनोहरराव, तुम्ही माझ्या या बाजूला."

तिने त्यांना आपल्या डाव्या हाताला, म्हणजे त्यांचा उजवा कान आपल्याकडे येईल असं बसवलं.

"जोडी बदललेली नाही," ती म्हणाली. "एकेक स्पीकर नीट वाजतो, दोन मिळून बिघडतात. म्हणजे एकाच्या वायरी उलट्या आहेत. एक बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो. डग्गा पोचट होतो आणि मधला आवाज विरून जातो."

"मेकॅनिकची चूक," संजीव म्हणाला.

"कुंकू मेकॅनिक गेल्यावर लागलं. डाव्या खोक्याचा टिळा अख्खा आहे. उजव्याचा तुटलाय. अर्धा पत्र्यावर काळ्या कड्याशी, आणि अर्धा ज्या पिनेवर होता ती आता लाल कड्यात आहे. पिना रविवारनंतर कोणीतरी बदलल्या."

कवडूने संजीवच्या हातांकडे बोट केलं. "कड्यावर खडू सापडला ना, ताई?"

"पांढरं सापडलं. पण खडू खरखरतो, रांगोळी टोचते. हे मऊ होतं, निसटतं होतं, आणि त्याला वास होता."

खोलीत तो वास अजून होता. कोणी मनोहररावांकडे पाहिलं नाही, आणि म्हणूनच आपण सापडलो हे त्यांना कळलं.

"या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला आवाज हरवलेला वाटला," जया म्हणाली. "गाण्यातलं काही न कळणाऱ्या कवडूभाऊंनासुद्धा. गाणारी मधोमध दिसली ती एकट्या मनोहररावांना. तिथे नसलेली. कारण मधोमध म्हणजे काय ते त्यांना आता ऐकूच येत नाही. त्याला दोन कान लागतात."

मनोहररावांनी डाव्या कानावर हात ठेवला. "गेल्या वर्षी गेला," ते हळूच म्हणाले. "परीक्षेच्या दिवशी पोरींसमोर उघडा पडलो असतो. वाटलं, स्पीकर परत जातील, संपेल. पण मला विचारलं तेव्हा एका कानाला बिघाड कळेना, घाबरून ठीक म्हणालो. क्लासच बंद करतील असं वाटलं नव्हतं, रुख्माबाई."

"पण बंद होताना गप्प बसलात," रुख्माबाई म्हणाल्या. "तुमचा कान वाचवाले माझे दोन्ही घेतले."

जयाने पिना जागच्या जागी लावल्या आणि सुई रेकॉर्डवर ठेवली. गाणारी आली, दोन खोक्यांच्या मधोमध बसली आणि तिने श्वास घेतला. अंजूच्या तोंडून "अगं बाई" निघालं. संजीव खाली बघत होता.

"तुले ऐकू येत होतं, संजीव," रुख्माबाई म्हणाल्या. "माझ्याएवढंच येत होतं. तरी तू दुसऱ्याचे कान खरे मानले, कारण खोली पाह्यजे होती. पाटी राहील. मी मेल्यावर काढायची का नाही, ते पोरी ठरवतील."

मनोहरराव डग्गा उचलून दाराकडे निघाले.

"कुठं चालले? उद्या क्लास आहे."

ते थांबले नाहीत. ऐकूच गेलं नव्हतं. रुख्माबाई उठल्या, त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, आणि तेच पुन्हा, आणखी मोठ्याने म्हणाल्या.