मुकादमाची सुई

सुगंधाला तिच्याच राई गावाच्या नाक्यावर कंडक्टरने वेताच्या हाऱ्यासकट बसमधून उतरवलं. झाकणाखालून शेपटी बाहेर आली होती आणि ती चांगली मनगटाएवढी जाड होती. बस निघून गेली. श्रावणातली सर तेवढी येत राहिली.

मागून भाजीची बैलगाडी आली. डोंगरी गावचा लवू काकड्या-शिराळी घेऊन भाईंदरला चालला होता. हाऱ्यात सात हातांचा अजगर आहे, आजारी आहे, गुरांच्या डॉक्टरकडे न्यायचाय, असं ती म्हणाली तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण तिचे डोळे रडण्याच्या बेतात होते. त्याने मुकाट्याने काकड्या बाजूला सारल्या.

“चावतो काय?” वाटेत त्याने विचारलं.

“उंदीर गिळतो. तू उंदीर हायेस काय?”

“अजून ठरलं न्हाय…”

चैत्रात वडील गेल्यापासून ती आज पहिल्यांदा हसली.

अजगर वडिलांचा, बाबाजींचा. भाताच्या कोठारातल्या उंदरांवर नजर ठेवायला पाळलेला, म्हणून त्याचं नाव मुकादम. घरात वडिलांच्या मागे तेवढाच उरला होता. श्रावण लागला आणि त्याने खाणं सोडलं, डोळ्यांवर दुधी साय आली. सुगंधा घाबरली. नागपंचमीला तिने त्याचं तोंड उघडून वाटीभर दूध आत ओतलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. तो कात टाकणार होता, त्या दिवसांत साप खातच नाही, ते म्हणाले. दूध मात्र फुप्फुसात गेलंय. दर तिसऱ्या दिवशी सुई द्यायची, जगला तर नशीब. मान धरायला सुगंधाचे हात उठेनात. लवूने धरली, डोळे गच्च मिटून.

“मीच मारतेय त्याला,” परतताना ती म्हणाली.

“जगवायलाच पाजलंस ना…” तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी गाडी न बोलावता तिच्या दारात उभी. सहाव्या दिवशीही. मुकादमाला उचलून हाऱ्यात ठेवायचं काम आता लवूचंच झालं होतं. बोलता बोलता वाट संपायची आणि ती संपल्याचं दोघांनाही वाईट वाटायचं. नवव्या दिवशी मात्र लवू गप्प होता. बैलही त्याने हळू हाकले.

डॉक्टरांनी झाकण उघडलं, आत हात घातला आणि मान हलवली. मुकादम जाऊन बराच वेळ झाला होता.

सुगंधा दवाखान्याच्या पायरीवर बसली. “सकाळी तूच उचललंस त्याला. कळलं न्हाय तुला?”

“कळलं.”

“मग इथवर कशाला आणलंस?”

लवू तिच्याजवळ पायरीवर टेकला. “माझ्या तोंडून तुला सांगवेना… आणि खरं सांगू? तो गेला म्हणून सांगितलं, तर पुढं तुझ्या दारात गाडी कशाला लावू, तेच सुचेना.”

तिला राग आला, खूप आला. मग इतके महिने अडलेलं रडू फुटलं, वडिलांचं आणि मुकादमाचं एकदमच. लवू जवळ बसून राहिला. समजूत घालायला गेला नाही, हे तिला फार बरं वाटलं.

संध्याकाळी त्यांनी मुकादमाला राईच्या खाडीकाठी पुरलं. लवू गाडीत चढला.

“तिसऱ्या दिवशी ये,” ती म्हणाली.

“काय न्यायचं?”

“न्यायला काय न्हाय आता. तरी ये…”