नवाबच्या पोटातला पेढा

पंचशीलाने लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत स्कूटी थांबवली ती उसाचा रस प्यायला. पण पहिला घोट घ्यायच्या आतच तिचा हात एका परक्या कुत्र्याच्या जबड्यात गेला होता. एका क्लासच्या गेटपाशी म्हातारा बुलडॉग डोळे पांढरे करून गुदमरत होता. जनावरांच्या डॉक्टरला अशा वेळी रस सुचतो होय?

“अहो बाई! काय करून राहिलात माझ्या नवाबला?” खडूने माखलेला एक तरुण आतून धावत आला.

“जीव वाचवून राहिले,” ती म्हणाली आणि कागदासकट अख्खा पेढा काढून तिने त्याच्या तळहातावर ठेवला.

तो थक्क होऊन पेढ्याकडे बघत राहिला… आणि ती त्याच्याकडे. पुरुषाला इतक्या लांब पापण्या कशाला हव्यात, असं तिच्या मनात आलं आणि तिची तीच दचकली.

तो श्रीनाथ. फिजिक्स शिकवायचा. घरमालक गुरुपादप्पा लेकीकडे हैदराबादला राहायला गेले, तेव्हा त्यांचा नवाब ह्याच्या गळ्यात पडला होता. खरा प्रकार कळल्यावर पंचशीलाने कपाळावर हात मारला. परीक्षेआधी नवाबने आपल्या हातचा पेढा खाल्ला की मार्क पडतात, असं क्लासच्या पोरांनी ठरवूनच टाकलं होतं. आणि ही पोरं म्हणे उद्याचे डॉक्टर!

“सर, चपट्या तोंडाचं, उतारवयाचं जनावर आहे हे. चावत नाही, घासाबरोबर वारा गिळतं, मग पोट फुगतं. मऊ खाणं, थोडं थोडं द्या. ताट जरा उंचावर ठेवा. गोड बिलकुल बंद! नाहीतर हातचा जाईल.”

“बंद म्हणजे बंद. शब्द देतो. आणि… दाखवायला कधी आणू?”

“रविवारी.”

“रविवार लई लांब असतो हो.”

एवढ्याशा वाक्याला लाजायचं काही कारण होतं का? पण ती लाजली.

मग रविवारच काय, बुधवारही येऊ लागले.

“मॅडम, नवाबला वारा फार सुटतोय. वर्गात पोरं माझ्याकडंच बघतात.”

“मग तुम्ही काय करता?”

“दाबाचा धडा घेतो.”

ती खळखळून हसली. लोक तिच्यापुढे माना डोलवायचे आणि घरी जाऊन जनावराला हवं ते चारायचे. हा मात्र कुस्करलेला भोपळा-भात बोटाने चाचपून बघायचा. शब्द पाळणारा माणूस तिला भेटला होता, आणि ती त्याच्यात पार गुंतली होती. फक्त तो काही बोलेना…

परीक्षा झाली. होस्टेलं रिकामी झाली, गल्ली मे महिन्याच्या उन्हात ओस पडली. आणि एका दुपारी फोन आला, “पंचशीला मॅडम… नवाबचं पोट दगडासारखं झालंय.”

ती पोचली तेव्हा नवाब जेमतेम श्वास घेत होता. तिने नळी घालून वारा काढला, सुई टोचली. बऱ्याच वेळाने तो भडभडून ओकला. श्रीनाथच्या आईने फडकं पुढे केलं, पण पंचशीलाने हातानेच सगळं निपटलं. आई ते बघत राहिली. निपटता निपटता ती थबकली.

पेढा.

गल्लीत एक पोर शिल्लक नव्हतं. “कोणी घातला?” तिने विचारलं.

“मी,” श्रीनाथ म्हणाला.

तिने तो पेढा उचलून त्याच्यापुढे धरला.

“परवा घरी लग्नासाठी तुमचं नाव काढलं,” तो खाली बघून बोलत होता. “आई म्हणाली, भूकंपानंतर एवढी हादरले नव्हते. तेव्हापासून बोललीच नाही माझ्याशी. मला काही सुचेना… म्हटलं, पोरांचं होतं, तर माझंही… एकच घातला हो.”

“फिजिक्स शिकवता तुम्ही!”

“घाबरल्यावर कुठलं आलंय फिजिक्स?”

“मेला असता तो!” तिचा आवाज फाटला आणि डोळे भरून आले. “आधी आईला सांगितलं, मग कुत्र्याला साकडं घातलं. मला कधी विचारणार होता, सर?”

नवाबचं तोंड पुसणारी आई मान वर न करताच म्हणाली, “विचार की रे आता. ती उभी आहे तोवर.”

दोघंही चमकून तिच्याकडे बघायला लागले.

“पंचशीला,” त्याने पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं, “माझ्याशी… लग्न करशील? पुन्हा कधी पेढा घालणार न्हाई, शब्द देतो…”

“शब्द नको तुमचा. एकदा दिला होता. नवाबचं खाणं आता मीच बघणार. सकाळ-संध्याकाळ.”

“पण त्यासाठी तर तुला इथंच राहावं…” तो मध्येच थांबला.

“हाव, राहीन की,” ती म्हणाली. “आणि हिमायतनगरला येऊन माझ्या बाबांना हे तुम्हीच सांगायचं.”

बोलून गेली खरी, पण आपण काय बोललो ते तिच्या आत्ता ध्यानात आलं. ती तिथेच, ओल्या फरशीवर, नवाबशेजारी बसून राहिली.