सातवी बरणी

दर सोमवारी सकाळी कुराता फुमिए कपाटातल्या सात बरण्या पुसून टेबलावर ओळीनं मांडायची. पहिलीत लोरिस या माकडाच्या चिमुकल्या भाईबंदाचा मेंदू, सोललेल्या लिचीसारखा गुळगुळीत. पुढे मकाक माकड, गिबन, चिंपांझी वगैरे. वळ्या वाढत गेलेल्या. सातवीत माणसाचा मेंदू होता. तिच्या नवऱ्याचा, तोकुजींचा.

किसो नदीकाठच्या या संशोधन संस्थेत तोकुजींनी तीस वर्षं माकडांचे मेंदू तपासले. लांबलांबच्या पेशींना जोडणारे तंतू त्यांना एकमेकींकडे ओढून धरतात, म्हणून वळ्या पडतात, असं त्यांचं मत. "मी गेलो की मला रांगेच्या टोकाला ठेव," ते म्हणाले होते. तिनं ठेवलं. आता त्यांच्या ग्रंथासाठी ती सातही मेंदूंची चित्रं काढत होती.

ऑक्टोबरात तिला सातव्या मेंदूवर डाव्या बाजूची एक खाच सापडेना. आधीच्या चित्रात ती स्पष्ट होती.

"डोळ्यांना चष्मा लावा, कुराता-सान," बरण्यांतला द्रव बदलणारा म्हातारा हिराबायाशी हसला. "फॉर्मलीनमध्ये मेंदू आक्रसतो, सपाट होत नाही."

तिनं ओला दोरा खाचांत बसवून मोजमाप घेतलं. पुढच्या सोमवारी तोच दोरा चार बोटं उरला.

त्या संध्याकाळी तिनं तोकुजींची जुनी ध्वनिफीत लावली. व्याख्यानाच्या जागी नुसती खरखर होती.

तिनं द्रव बदलून घेतला, कपाटाला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात बांधली. खाचा बुजतच राहिल्या. नणंद मित्सुए दर रविवारी फोन करायची. तो बंद झाला. शेवटी फुमिएनंच केला.

"वहिनी बोलतेय. दादांच्या वर्षश्राद्धाचं विचारायचं होतं."

"कोणाच्या? बाई, चुकीचा नंबर लागलाय. मला भाऊ नाही."

फुमिएनं रिसीव्हर ठेवला. मग ती वही घेऊन नवऱ्याबद्दल आठवेल ते लिहू लागली: मासा खाताना आधी डोळा खायचे. पाय गार असायचे. हाक मारताना... हाक कशी मारायचे? पेन्सिल तिथंच थांबली.

पुढच्या सोमवारी मेंदूवर दोनच खाचा होत्या. ती काचेला कपाळ टेकवून म्हणाली, "अहो, धरून ठेवा."

त्याच्या पुढच्या सोमवारी एकच.

नोव्हेंबरच्या अखेरीस संस्थेत माकडांचं वार्षिक स्मरण झालं. प्रयोगात मेलेल्या प्रत्येक जनावरासाठी स्मारकाच्या दगडापाशी एक शेवंती. परत आल्यावर फुमिएनं बरण्या मांडल्या आणि सातवीपाशी थबकली. मेंदू चांगला मोठा, पण अंड्यासारखा गुळगुळीत.

"हिराबायाशी-सान, हा कुठल्या प्राण्याचा?"

म्हाताऱ्यानं बरणी उजेडात धरली. "एवढा मोठा आणि एकही वळी नाही? असं जनावर मी जन्मात पाहिलं नाही."

"मग रांगेत कशाला? काढून टाकूया."

"टाकूया." त्यानं बरणी फिरवली. मागे एक पिवळी चिठ्ठी होती. त्यानं डोळे बारीक केले.

"कोणातरी माणसाचं नाव आहे," तो म्हणाला. "आडनाव तुमचंच."