चार बोटांची पट्टी

दिवा राहू द्या तिथेच. सांगतो.

मी सुतार. गावाबाहेर रस्त्याच्या वळणावर एका खोलीएवढं प्रार्थनाघर आहे. तिथलं बाक डुगडुगत होतं, ते नीट करायला सकाळीच गेलो. काम तासाभरात उरकलं. झाडलोट करणारी मावशी पाणी आणायला विहिरीवर गेली होती, आणि माझे हात शिवशिवत होते. कारण ते दार. चौकटीला चार बोटं कमी पडणारं, आणि केलेलं आमच्याच आजोबांनी. त्यावरून लोक मला अजून चिडवतात.

क्रूसाखालच्या फळीवर, धुळीत, त्याच लाकडाची चार बोटं रुंद पट्टी सापडली. दाराच्या कडेला लावून पाहिली तर तंतोतंत. आजोबा लावायची विसरले असतील, म्हटलं, आता नातू लावेल. आतल्या बाजूनं आडवे तुकडे टाकून खिळे ठोकले आणि दार लोटून पाहिलं. चपखल बसलं. मग बाहेरची कडी पडल्याचा आवाज आला.

वारा नव्हता. त्या खोलीला खिडकी नाहीच. नुसता काळोख आणि ओल्या चुन्याचा वास. मी खांदा लावला, घसा बसेस्तोवर ओरडलो. माझ्याच हातचं काम, ते तसूभर हलेना.

बऱ्याच वेळानं बाहेर पावलं वाजली.

"मावशी, कडी काढ गं."

"काढतेच आहे. तू आधी ठोकायचा थांब."

माझे दोन्ही हात काखेत होते.

"मी ठोकत नाहीये..."

ठक. ठक. ठक. माझ्या गुडघ्याजवळून, आतूनच.

मावशी हळूच म्हणाली, "ती पट्टी लावलीस का?"

"हो."

"साथीच्या वर्षी आजारी वाटसरूंना इथे ठेवायचे. एका बाईला आत घातलं आणि कडी लावली. तीन दिवस ठोकत होती. चौथ्या दिवशी उघडलं, तर आत कुणी नाही... दार लावलं की ठोकणं पुन्हा सुरू. तुझ्या आजोबांनी दाराची कड कापली, तेव्हा कुठे थांबलं. तिला फट लागते रे. कडी काही हलत नाही. पट्टी काढ."

पटाशी घेऊन मी अंधारात खिळे चाचपू लागलो. माझ्या हाताशेजारी आणखी एक हात लाकूड चाचपत होता. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही.

कडी त्या पट्टीवरच अडकली होती. पट्टी निघाली तसं दार उघडलं. हाताला लागेल ते पेटीत कोंबलं आणि मावशीकडे न बघता घर गाठलं.

जेवायला बसलो, तर बायकोनं विचारलं, "पेटीत काय आणलंत?"

"हत्यारं."

म्हणालो खरा, आणि घास तोंडातच राहिला. चांगलं लाकूड मागे सोडायचं नाही, ही सुताराची खोड. हत्यारांबरोबर ती पट्टीही आली होती. आणि पेटी माझ्या हातची. झाकण लावलं की केसाएवढी फट राहत नाही.

"मग आतून ठोकतंय कोण?"