जिन्याच्या वळणावरचा कप

घरात माणसं दोन, संगणक दोन आणि गाडी एक. भांडणाला एवढा ऐवज पुरतो.

नवरा खालच्या मजल्यावर बसून यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायचा. कपडे धुण्याचं यंत्र भिंतीपासून किती दूर ठेवावं, मिक्सर फिरत असताना झाकण का उघडू नये, असलं लिहून लिहून त्याचं बोलणंही क्रमांकवार झालं होतं. नातेवाईक त्याला पाठीमागे सूचनाकार म्हणत आणि त्याला ते ठाऊक होतं. बायको फिजिओथेरपिस्ट. न उठणाऱ्यांना उठवायचं आणि न चालणाऱ्यांना चालवायचं, तेही त्यांच्या घरी जाऊन, हे तिचं काम. तिचा संगणक वरच्या खोलीत. त्याच्या कॅलेंडरात छापखान्याच्या फेऱ्या, तिच्या कॅलेंडरात पेशंटच्या वेळा, आणि गाडी मात्र दोघांच्याही.

गेल्या महिन्यात व्हायचं ते झालं. तिच्या पेशंटांत गणिताचे एक निवृत्त मास्तर होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांनी अंथरूण धरलं होतं. तीन महिने गोडीगुलाबीने, प्रसंगी दटावून, तिने त्यांना वॉकर सोडून उभं राहायला तयार केलं. मंगळवारी अकराची वेळ ठरली. ती पिशवी घेऊन खाली आली तर दारात गाडी नाही. सूचनाकार छापखान्यात मुद्रितं तपासत बसलेले. मास्तरांनी एक वाजेपर्यंत वाट पाहिली, मग वॉकर माळ्यावर टाकायला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढचे पंधरा दिवस ते उठायचं नाव घेईनात.

चार दिवस तिने नवऱ्याशी अबोला धरला. पाचव्या दिवशी म्हणाली, "मास्तरांची समजूत मी पुन्हा घालीन. पण पुन्हा असं झालं ना, तर मी हे काम सोडीन. आणि तुझं काय करायचं, ते तेव्हा बघीन."

सूचनाकार हादरला. दोन्ही कॅलेंडरं एक करायची असं त्याने त्याच दिवशी ठरवलं. संगणकाच्या दुकानदाराने दरवर्षी पैसे भरायची एक सोय सुचवली, ती त्याच्या चिकट स्वभावात बसेना. फुकटच्या सोयी पुष्कळ होत्या, पण पेशंटांची नावं-पत्ते घराबाहेरच्या कुठल्याही यंत्रात जाऊ द्यायचे नाहीत, हा तिचा नियम. शेवटी त्याने दोन याद्या एकत्र करणारा एक छोटा फुकट प्रोग्राम शोधला आणि एका प्रदर्शनात भेट मिळालेला पेन ड्राइव्ह कपाटातून काढला. तोही कपडे धुण्याच्या यंत्राच्या आकाराचा.

घराच्या जिन्याला मध्ये एक वळण होतं. तिथे हातभर रुंदीची खिडकी होती, तिच्यासमोर शेजाऱ्यांची भिंत, त्यामुळे ऊन असं तिथे कधी यायचंच नाही. उन्हाळ्यातही त्या फरशीवर पाय गार पडायचे. खिडकीच्या कट्ट्यावर त्याने कान तुटलेला एक कप ठेवला आणि शेजारच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद चिकटवला. एक: न्याहारीआधी वरून कॅलेंडर आणि फोन-पत्त्यांची यादी पेन ड्राइव्हवर घेऊन कपात ठेवणे. दोन: खाली एकत्र करणे. तीन: एकत्र झालेली यादी परत कपात ठेवणे. चार: ती वर चढवणे. खाली एक टीप होती. प्रोग्रामला फक्त भर घालता येते. एकीकडे पुसलेली नोंद दुसरीकडून परत येते. तरी पुसायचं ते दोन्हीकडून पुसणे.

"भांडण मिटवायचीही पुस्तिका काढलीस," ती म्हणाली, पण हसली. अबोला सुटल्यानंतरचं ते पहिलं हसू. सूचनाकार दिवसभर शीळ घालत होता.

पहिल्याच दिवशी एक बारीकशी गोष्ट घडली. त्याच्या नोंदी अडतीस, तिच्या एक्कावन्न, बेरीज एकोणनव्वद. प्रोग्रामने दाखवल्या नव्वद. त्याने दोनदा मोजल्या, मग काहीतरी दोनदा आलं असेल म्हणून सोडून दिलं. खालच्या नोंदी निळ्या दिसायच्या, वरच्या नारंगी. यादीत एक हिरवी होती. बुधवार, चार वाजता: वरची खिडकी.

त्याला वाटलं, तिने रंग बदलून बघितला असेल. बुधवारी साडेचारला अचानक गारा पडल्या. वरची खिडकी लावलेली होती. तिने संध्याकाळी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आठवण केलीस ते बरं झालं. नाहीतर माझी सगळी कागदपत्रं भिजली असती." आपण केव्हा आठवण केली, हे त्याला आठवेना, पण शाबासकी कोण परत करतो?

मग हिरव्या नोंदी वाढत गेल्या. गॅस संपत आलाय. आज तिचा घसा बसलाय, फोन तू घे. त्याचा चष्मा फ्रिजवर आहे. चष्मा फ्रिजवर होता. तिला वाटायचं, काय हा माणूस सुधारला. त्याला वाटायचं, वरून राग दाखवते पण किती लक्ष आहे हिचं. दोघंही एकमेकांशी नव्याने गोड वागू लागली. तो सकाळी न सांगता तिची अंडी उकडून ठेवायचा. ती गाडी परत आणताना पेट्रोल भरून आणायची. मास्तरांनीही वॉकर माळ्यावरून काढायला लावला. शुक्रवारी अकराला पुन्हा उभं राहून बघतो, असं त्यांनी फोनवर सांगितलं. ती नोंद करायला संगणकापाशी गेली तर ती आधीच होती. शुक्रवार, अकरा: मास्तर. गाडी तिची. हिरवी.

"फोन मी वर घेतला होता," ती बुधवारी न्याहारीला म्हणाली. "तुला खाली कसं ऐकू आलं?"

"काय ऐकू आलं?"

"मास्तरांचं. कॅलेंडरात घातलंस ना तू."

सूचनाकाराने ब्रेडचा तुकडा खाली ठेवला. "मी कुठे? हिरव्या नोंदी तू घालतेस."

मग दोघं न्याहारी तशीच सोडून उठली.

खालच्या संगणकावर त्यांनी मिळून यादी चाळली. हिरव्या नोंदी छत्तीस निघाल्या. फोन-पत्त्यांच्या यादीत एक पानही हिरवं होतं. नावाची जागा कोरी, फोनची जागा कोरी. पत्ता त्यांच्याच घराचा. मजला: मधला. नातं: घरचं.

"मधला मजला नाहीये आपल्याकडे," तो म्हणाला.

तिची नजर दारातून जिन्याकडे गेली होती. तिथे कप होता, कागद होता, आणि ऊन न येणारी ती हातभर खिडकी होती.

पुसून टाकायचं, असं ठरलं. तिला ते सुखासुखी पटलं नाही. "वाईट असं काय केलंय त्याने?" ती म्हणाली. "गेल्या वर्षभरात जेवढं हसलो नाही तेवढं या पंधरवड्यात हसलोय आपण." पण ज्याचा उगम कळत नाही ते पेशंटांच्या पत्त्यांशेजारी ठेवायचं नाही, हा तिचाच नियम होता आणि तो तिलाच दाखवला गेल्यावर तिचा नाइलाज झाला. एकीकडे पुसलं तर दुसरीकडून परत येणार, म्हणजे एकाच क्षणी दोन्हीकडून पुसायला हवं. ती वर गेली. तो खाली बसला. मधली दोन्ही दारं उघडी ठेवली. सगळं हिरवं निवडलं. तीन म्हटलं की बटण दाबायचं.

"एक," तो खालून म्हणाला.

"दोन," ती वरून म्हणाली.

क्षणभर काहीच नाही.

"तीन."

दोघांनी बटण दाबलं. खाली निळं आणि नारंगी तेवढं उरलं, वरही तेवढंच. ती जिना उतरून आली तेव्हा त्याने कॉफी टाकली होती. काही दिवस याद्या एकत्र करायला नकोच, असंही ठरलं. दोन्ही संगणकांच्या तारा त्याने भिंतीतून काढून ठेवल्या आणि पुढचे दोन दिवस तो कागद-पेन्सिलीने लिहीत बसला. घर जरा मोठं वाटत होतं, एवढंच.

शुक्रवारी दहा वाजता सूचनाकार छापखान्यात जायला निघाला. बुधवारी तारा काढण्याआधी त्याने शुक्रवार बघून ठेवला होता, कोराच होता. पण खुंटीवर गाडीची किल्ली नव्हती. त्याने खिसे तपासले, टेबलाचे खण उपसले, फ्रिजवर हात फिरवला, सोफ्याच्या उशा काढल्या. चिडून चिडून तो घामाघूम झाला. साडेदहा झाले तरी किल्ली सापडेना.

तेवढ्यात बायको वरून आली. खांद्याला पिशवी, पायात बूट.

"चल, निघते मी," ती म्हणाली. "अकराला मास्तर."

"आज?"

"आज म्हणजे? कॅलेंडरात आहे की."

आणि मग दोघांना एकदमच कळलं. कॅलेंडरात होतं, पण हिरवं होतं. ते त्यांनी स्वतःच पुसलं होतं. किल्ली खुंटीवर असती तर गाडी अर्ध्या तासापूर्वीच छापखान्याच्या रस्त्याला लागली असती.

"किल्ली सापडत नाहीये," तो कसाबसा म्हणाला.

"ही काय माझ्याकडे. कपात होती. आत्ता उतरताना उचलली." तिने किल्ली दाखवली. "तिथे कशाला ठेवलीस?"

उत्तराची वाट न बघता ती पळाली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग कोपऱ्यावरचा हॉर्न, मग काही नाही. तो मटकन खुर्चीत बसला आणि मोठ्याने हसला. वाचलो, एवढंच त्याच्या मनात आलं.

हसणं ओसरल्यावर तो जिना चढून वळणापर्यंत गेला. कपात पेन ड्राइव्ह होता. बुधवारपासून तिथेच होता. त्याच्या लक्षात आलं, नोंदी दोन्हीकडून पुसल्या, पण तिसरी प्रत यात राहिलीच. स्वतःच लिहिलेल्या कागदावर ते लिहायचं राहून गेलं होतं. दुसऱ्या कुणाच्या पुस्तिकेत अशी चूक सापडली असती तर त्याने लाल पेनाने खूण केली असती.

त्याने पेन ड्राइव्ह उचलला.

तो गरम होता. नुकताच यंत्रातून काढल्यावर असतो तसा.

घरात यंत्रं दोन. दोन्हींच्या तारा बाहेर लोंबत होत्या. ते त्याने खाली जाऊन बघितलं, मग वर जाऊन बघितलं. पेन ड्राइव्ह खिशात टाकून तो बराच वेळ अंगणात उभा राहिला, उन्हात.

ती चार वाजता आली ती नाचतच. मास्तर चालले होते. भिंत न धरता, वॉकर न धरता, सात पावलं. आठवं अर्धंच पडलं, तर अर्धी पावलं मोजायची नाहीत म्हणाले. सात ही मूळ संख्या आहे, तिच्यावर थांबणं बरं, असंही म्हणाले. त्यांच्या सुनेने रडून घेतलं, मग हिनेही. सांगताना तिचे डोळे पुन्हा भरले. त्याला इतकं सुटल्यासारखं वाटलं की त्यालाही रडू फुटेल असं वाटलं, म्हणून तो उठून कॉफी करायला गेला.

"तू किल्ली कपात ठेवलीस म्हणून," ती त्याच्यामागे स्वयंपाकघरात येत म्हणाली. "मला माहीत आहे. तुझ्या लक्षात होतं, फक्त कबूल करायचं नव्हतं."

तो नुसता हसला.

"आणि एक सांगू? परवाच सांगणार होते." तिने ओट्याला टेकून कप पुढे केला. "ते पुसताना तुलाही वाईट वाटलं ना? मला वर ऐकू आलं. तीन म्हणताना किती दाटला होता तुझा गळा."

सूचनाकाराने कॉफी ओतली. तीन ती म्हणाली, असं तो दोन दिवस धरून चालला होता.

खिशातला पेन ड्राइव्ह अजून गरम होता.